लोणारला कोण कशासाठी येतं

नमस्कार मंडळी. निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय 'विविध विद्याशाखांमधील संशोधन' असा छापला आहे. फोनवर हो म्हणालो तेव्हा तो सोपा वाटला होता. मग कागद घेऊन बसलो आणि कळलं, की 'भारतीय जेवण' यावर तासभर बोला, असंच हे सांगणं आहे. नुसती पदार्थांची नावं घेता घेता तास संपायचा आणि ऐकणाऱ्याच्या पोटात काही पडायचं नाही. म्हणून आयोजकांना न विचारताच मी विषय आवळून घेतला आहे. आज फक्त एका खड्ड्याबद्दल बोलणार आहे. त्याच्या काठावर कोण कोण येतं आणि येऊन काय करतं, एवढंच.

खड्डा तुमच्या ओळखीचा आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार. तोंडाचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, काठावरून तळ्यापर्यंत सव्वाशे-दीडशे मीटरची उतरण. आत खारं पाणी, आणि काठाशीच धारेचं गोडं पाणी. खाली उतरलात की आधी झाडी लागते, मग देवळं, मग वास. कुजक्या अंड्याचा. सहलीला आलेली मुलं नाक दाबतात. आमचा भूगर्भशास्त्राचा वर्ग मात्र वहीत 'हायड्रोजन सल्फाइड' असं लिहून घेतो आणि मगच नाक दाबतो.

मी बी.एस्सी.ला होतो १९७४च्या सुमारास. आमच्या सरांनी लोणार ज्वालामुखीचं तोंड म्हणून शिकवलं. त्यात त्यांची चूक नव्हती. आजूबाजूला शेकडो किलोमीटर सगळा दक्खनचा काळा पाषाण, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतलेला लाव्हाच. लाव्हाच्या मुलखात गोल खड्डा दिसला तर कोणीही ज्वालामुखीच म्हणेल. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३मध्ये या तळ्याची नोंद केली, तेव्हापासून बहुतेकांनी तेच म्हटलं होतं. गिल्बर्ट हा अमेरिकेतला मोठा भूशास्त्रज्ञ. अ‍ॅरिझोनातल्या तशाच एका खड्ड्यावर १८९६मध्ये लिहिताना त्याने लोणारचा दाखला दिला. उल्केचा तर्क त्याने तपासून पाहिला, आणि शेवटी कौल दिला तो जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटाला. पुढे दोन्ही खड्डे उल्केचेच निघाले. गिल्बर्टचं मला कौतुक वाटतं, कारण आपण कसकसा विचार केला हे त्याने लपवलं नाही, आणि म्हणून तो कुठे चुकला हे आज बोट ठेवून दाखवता येतं.

गंमत अशी, की सर शिकवत होते त्याच्या आदल्याच वर्षी, १९७३मध्ये, प्रश्न निकालात निघाला होता. फ्रेडरिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम या चौघांचा निबंध 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. तो आमच्या कॉलेजात पोचायला काही वर्षं लागली. तळ्यात बोअर मारले होते. वर सुमारे शंभर मीटर गाळ आणि त्याखाली दगडांचा चुरा. त्या चुऱ्यात त्यांना जे सापडलं ते सांगायला जरा वेळ घेतो, कारण पुरावा म्हणजे काय हे मला स्वतःला तिथे समजलं.

दगडाची चकती कापायची, काचेवर चिकटवायची आणि घासत घासत ०.०३ मिलिमीटरवर आणायची. एवढी पातळ झाली की काळा पाषाणही पारदर्शक होतो. मग विशिष्ट सूक्ष्मदर्शकाखाली, एकमेकांना आडव्या लावलेल्या दोन पोलरायझरमधून, म्हणजे एकाच दिशेच्या प्रकाशलहरी जाऊ देणाऱ्या चाळण्यांतून, बघायचं. साध्या बेसाल्टमधलं, म्हणजे या काळ्या पाषाणातलं, प्लॅजिओक्लेज हे खनिज पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं, काळा-पांढरा-काळा-पांढरा, विजारीच्या कापडासारखं. खालची चकती फिरवली की काळे पट्टे पांढरे होतात, पांढरे काळे. लोणारच्या चुऱ्यातल्या काही तुकड्यांत त्याच खनिजाचा लांबट आकार तसाच्या तसा आहे, कडा शाबूत, पण चकती कितीही फिरवा, आत काळोख. पट्टे गेले. म्हणजे बाहेरून स्फटिक आणि आतून काच. वितळून काच झाली असती तर आकारही गेला असता. आकार राहून आतली रचना मोडायची असेल तर क्षणभरात प्रचंड दाबाचा धक्काच बसावा लागतो. तेवढा दाब ज्वालामुखीत तयार होत नाही. या काचेला मास्केलिनाइट म्हणतात. मी पहिल्यांदा ती चकती फिरवली तेव्हा चार-पाच वेळा फिरवली, दिवा गेला की काय असं वाटून.

ज्वालामुखीचा निकाल लागला. पण त्याने भूशास्त्रज्ञांचं भांडण संपलं असं नाही, ते दुसऱ्या खोलीत गेलं. उल्का पडली कधी?

इथे दोन घड्याळं आहेत. पहिलं असं : दगडातल्या स्फटिकांत आजूबाजूच्या किरणोत्सारामुळे इलेक्ट्रॉन अडकत राहतात. तो दगड तापवला की ते सुटतात आणि मंद उजेड देतात. उजेड जितका जास्त तितका काळ जास्त. आघाताच्या उष्णतेने जुना साठा पुसला गेला असणार, म्हणजे घड्याळ शून्यावर आलं असणार. या रीतीने १९९७मध्ये उत्तर आलं सुमारे ५२,००० वर्षं, सहा हजार इकडे तिकडे. दुसरं घड्याळ आरगॉनचं. पोटॅशियमपासून अतिशय मंद गतीने आरगॉन वायू बनतो, तो दगडात साठतो, दगड वितळला की निसटतो. त्या घड्याळाने २०११मध्ये उत्तर दिलं सुमारे ५,७०,००० वर्षं. जवळजवळ अकरापट!

तुम्ही म्हणाल, मग एक चूक. असेलही. पण चूक कशी असू शकते ते पाहा. मूळ दगड साडेसहा कोटी वर्षांचा. त्यातला जुना आरगॉन आघातात पुरता निसटला नाही, काच पटकन थिजून थोडा आत कोंडला गेला, तर वय फुगणार. २०११वाल्यांना हे पक्कं माहीत होतं, त्यांनी त्याचा हिशेब धरूनच आकडा दिला. उलट, उजेडाच्या घड्याळाची वाटी भरते. एका मर्यादेनंतर इलेक्ट्रॉन अडकायला जागाच उरत नाही, आणि पुढचा काळ मोजला जात नाही. दोघेही भौतिकशास्त्रच वापरतात, दोघेही सचोटीने वापरतात. माझा कल विचाराल तर काठाबाहेर फेकला गेलेला राडारोडा इतका शाबूत आहे, की पाच लाख पावसाळे त्यावरून गेले हे माझ्या गळी उतरत नाही. पण माझा गळा हे काही मोजमापाचं साधन नव्हे.

पाण्याकडे येणारी मंडळी वेगळी. जीवशास्त्रवाले बाटल्या घेऊन येतात आणि दगडाकडे ढुंकून पाहत नाहीत. पाणी सोड्याचं, पीएच दहाच्या आसपास. त्यात एरवी हिरवं शेवाळासारखं जे दिसतं त्यात आपण गोळ्या म्हणून विकत घेतो ती स्पिरुलिनाही आहे. जून २०२०मध्ये, आपण सगळे घरात कोंडलेले असताना, तळं गुलाबी झालं. वाटेल त्या अफवा उठल्या. वनखात्याने नमुने नागपूरच्या नीरी या पर्यावरण-संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संस्थेकडे पाठवले. आघारकरच्या लोकांनी सांगितलं की पाणी आटून खारटपणा वाढल्यामुळे मिठात राहणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव फोफावले, गुलाबी रंग त्यांचा. नमुना काही काळ स्थिर ठेवला तर जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. पाऊस झाला, रंग गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात तळ्याला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, म्हणजे कायद्याचे आणि पर्यावरणाचे अभ्यासकही आता हक्काने येतात. मंगळाचे अभ्यासक तर आधीपासून येतातच, कारण मंगळाची जमीनही बेसाल्टची, आणि बेसाल्टमध्ये झालेलं इतकं चांगलं टिकलेलं विवर पृथ्वीवर शोधून सापडायचं नाही. लोणारच्या एस.टी. स्टँडवर मंगळाची चौकशी करणारा माणूस उतरतो, ही गोष्ट मला अजून मजेशीर वाटते.

भाषेचे अभ्यासक येतात ते नावासाठी. लवण, त्याचं लोण, त्यावरून लोणार. मीठ काढणारे ते लोणारी. लोणचंही त्याच घरातलं. मग हौशी माणूस लगेच लोणीही त्यात घालतो, आणि तिथे फसतो. लोणी आलं नवनीतापासून. 'न'चा 'ल' झाला आणि दोन अगदी वेगळे शब्द जुळ्या भावांसारखे दिसायला लागले. आमच्या दगडांतही असंच असतं, दिसायला सारखे आणि जन्म वेगळा. व्युत्पत्तीवाल्यांशी माझं जमतं ते त्यामुळे.

अर्थशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्याला इथे वेगळाच खजिना. 'आईन-इ-अकबरी'त लोणारचं वर्णन आहे, मेहकरच्या सरकारात, म्हणजे तेव्हाच्या जिल्ह्यात. तीर्थ म्हणून महत्त्व सांगितलंच आहे, पण पुढच्याच दमात लिहिलंय की इथे काच आणि साबणाचा कच्चा माल मिळतो आणि त्यापासून चांगला महसूल येतो. ते लिहिणाऱ्या अबुल फज्लला तळ्याचं वय नको होतं, वसूल हवा होता. पुढे इंग्रजी अमदानीतही खारांची प्रतवारी होती : दल्ला, खप्पल, पापडी, भुस्की. रसायनशास्त्रात सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेट अशी दोन नावं लिहून आम्ही मोकळे होतो.

आणि दैत्यसूदनाची, म्हणजे दैत्य मारणाऱ्या विष्णूची, कथा. लोणासुर जमिनीखाली दडून बसला होता, विष्णूने सुंदर तरुणाचं रूप घेऊन त्याच्या बहिणींकडून जागा काढून घेतली, पायाच्या अंगठ्याने वरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. झाकण दूर जाऊन पडलं, त्याची टेकडी झाली. दर व्याख्यानानंतर कोणीतरी मला सांगतं, बघा, वरून आघात, जमीन उघडली, दगड लांब उडाला. पूर्वजांना उल्का माहीत होती. मला हे पटत नाही. पन्नास हजार वर्षं घ्या की पाच लाख, ही कथा सांगायला तेव्हा कोणी बसलं नव्हतं. लोककथेचा अभ्यासक या कथेत उल्का शोधतच नाही. तो विचारतो, बहिणीच का फितूर होतात? खाऱ्या तळ्याच्या काठी गोड्या पाण्याची धार आहे, तिचं या कथेत काय होतं? त्याचे प्रश्न जास्त चांगले आहेत असं माझं मत आहे.

आता ज्यासाठी खरं तर मी हे भाषण घेतलं त्याकडे येतो.

काही वर्षांपूर्वी भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी तळ्याच्या तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा दांडा काढला. त्यात जवळपास ११,००० वर्षांचा हिशेब आहे. असा दांडा उभा चिरला की आतले थर वहीच्या पानांसारखे दिसतात. काही थरांत गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक आहेत. हे स्फटिक पाणी फार आटून दाट खारट झाल्याशिवाय होत नाहीत. म्हणजे जिथे गेलुसाइट तिथे तळं आटलेलं, पाऊस दीर्घकाळ कमी. असे दोन मोठे कालखंड त्यांनी २०१४मध्ये मांडले. पहिला ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा. दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. हे 'वर्षांपूर्वी' आजपासून नव्हे, १९५०पासून मोजायचं असा आमचा संकेत आहे. इतिहासाच्या मित्रांना हे सांगायला आम्ही हमखास विसरतो.

पहिल्या कालखंडाबद्दल सिंधू संस्कृतीच्या अभ्यासकांनी पुष्कळ लिहिलंय. माझी झोप उडवली दुसऱ्याने. २,००० ते ६०० म्हणजे साधारण इसवी सनाच्या सुरुवातीपासून चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत. या काळात या मुलखात काय चाललं होतं? उत्तरकालीन सातवाहन. वाशीमची, म्हणजे वत्सगुल्माची, वाकाटक शाखा. अजिंठ्याची उत्तम लेणी. मग चालुक्य, मग देवगिरीचे यादव. आणि खुद्द लोणारचं दैत्यसूदनाचं देऊळ, ज्याच्या भिंतीचा इंचभर भाग कोरल्याशिवाय सोडलेला नाही. इतिहासाच्या पुस्तकात हा भरभराटीचा काळ. गाळाच्या वहीत हा आटलेल्या तळ्याचा काळ.

मी हे एका इतिहासाच्या प्राध्यापकांना सांगितलं तर ते म्हणाले, तुमचा दांडा चुकला असेल. एका हवामानवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, त्यांचे शिलालेख राजांची स्तुती करतात, त्यात दुष्काळ कोण लिहिणार? दोघांनीही दुसऱ्याच्या पुराव्यावर बोट ठेवलं. आंतरविद्याशाखीय म्हणवणाऱ्या चर्चासत्रांत मी असंच होताना पाहिलं आहे. चहा एकत्र होतो, तेवढंच.

मला वाटतं घोळ 'दुष्काळ' या शब्दात आहे. गाळ सांगतो तो शतकानुशतकांच्या सरासरीचा, थोडा थोडा कमी पडत गेलेला पाऊस. आपल्या तोंडी दुष्काळ म्हणजे एक साल, दोन सालं, जनावरं विकायला काढलेली. कमी पावसाच्या चौदाशे वर्षांत चांगली सालं असंख्य असणार, आणि कमी पावसाला सरावलेला समाजही असणार. तळी, बारवा, ज्वारी-बाजरी, पाण्याशेजारी देवळं. मग असंही विचारता येईल, की पाणी कमी होतं म्हणूनच धारेशेजारी इतकं बांधकाम झालं का? हा तर्क आहे, सिद्ध काही नाही. तपासायचा तर या परिसरातले त्या काळातले लेख नव्याने वाचावे लागतील. दान कशाचं दिलं, जमीन किती, तळं किंवा विहीर किती वेळा येते, आणि कोणत्या शतकात जास्त येते. ती लिपी मला येत नाही, आणि या वयात येईल असं वाटत नाही.

माझ्याकडे थरांचा तक्ता आहे, तारखांसकट, १९५०चं वजा करून ठेवलेला. या सभागृहात यादवकालीन लेख वाचणारं कोणी असेल तर जाताना भेटा. मी त्या डावीकडच्या दाराशी, चपलांच्या रॅकजवळ उभा आहे.