मुदत आणि माफी

श्रोतेहो, नमस्कार. देवाच्या कृपेला मोजमाप नाही असे आपण सहज म्हणून जातो. प्रभू येशूने मात्र एकदा चक्क हिशेब मांडून ती दाखवली. मत्तयकृत शुभवर्तमान, अध्याय १८, वचने २३ ते ३५.

राजा दासांचे हिशेब घ्यायला बसला. एकाकडे १०,००० तालांत येणे निघाले. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराचा दिवसाचा रोज. वर्षातले ३०० दिवस राबून, पोटाला काही न ठेवता सगळी मजुरी भरली, तरी फेडायला दोन लाख वर्षे लागतील! योसेफस हा इतिहासकार लिहितो की गालील आणि पेरिया या दोन प्रांतांतून तिथला शासक हेरोद अंतिपास याला वर्षाला २०० तालांत महसूल मिळे. ऐकणारे शिष्य बहुतेक गालीलचेच. दोन प्रांतांचा ५० वर्षांचा महसूल एका दासाच्या नावावर, हे ऐकून त्यांना काय वाटले असेल!

आता त्या दासाची विनवणी नीट ऐका. ‘धीर धरा, मी सगळे फेडीन.’ तो मुदत मागतो आहे. माफीचा शब्दही त्याच्या तोंडी नाही. राजाला त्याचा कळवळा येतो आणि तो कर्जच सोडून देतो.

मला वाटते, त्या दासाला हे कधी उमगलेच नाही. म्हणून तर बाहेर पडताच १०० दिनारांसाठी तो सोबतीच्या दासाचा गळा धरतो. आपल्याला मुदतच मिळाली असे ज्याला वाटते, तो वसुलीला निघणारच. आपलेही असेच होते. ‘इतकी वर्षे उपासना चुकवली नाही, दशमांश दिला, मग माझ्यावरच हे संकट का?’ या प्रश्नात फेडीचे हप्ते मोजलेले असतात. पौल रोमकरांस पत्रात, ४ थ्या अध्यायात स्पष्ट म्हणतो की काम करणाऱ्याची मजुरी कृपा म्हणून नव्हे, ऋण म्हणून गणली जाते. हप्ते मोजायचे तर मजुरीच मागावी लागेल, आणि आपली मजुरी काय भरते ते वर पाहिलेच.

कर्ज सोडले म्हणजे ते हवेत विरले असेही नाही. तेवढा तोटा राजाच्या खजिन्याने सोसला. कलस्सैकरांस पत्र, २:१४ मध्ये आपल्याविरुद्धचा ऋणलेख वधस्तंभाला खिळल्याचे लिहिले आहे, तो हाच तोटा.

शंभर दिनार ही रक्कमही क्षुल्लक नव्हती, साडेतीन-चार महिन्यांची मजुरी होती ती. कोणी आपले खरोखर नुकसान केलेले असते, आणि क्षमा करताना ते झालेच नाही असे म्हणायचे नसते. याच अध्यायात, १५ ते १७ या वचनांत, आधी क्रम दिला आहे: अपराध करणाऱ्याकडे एकांतात जाऊन त्याचा दोष त्याला सांगा, ऐकले नाही तर आणखी एक-दोघांना सोबत न्या, तरीही ऐकले नाही तर मंडळीला कळवा. पेत्राचा ‘किती वेळा क्षमा करू?’ हा प्रश्न त्यानंतर येतो. दोष उघड सांगणे आणि क्षमा करणे, दोन्ही एकाच अध्यायात शेजारी-शेजारी आहेत. आज रात्री प्रभूच्या प्रार्थनेत ‘आमची ऋणे आम्हांस सोड’ म्हणताना ज्याचे शंभर दिनार आठवतील, त्याच्याकडे त्या पहिल्या पायरीने, एकटेच जा.