गावानचा मदरसा आणि एक शिक्का

नमस्कार श्रोतेहो. उदगीरहून रेल्वेनं भालकी ओलांडली की पुढं बीदर. 1956 पर्यंत आपण आणि बीदर एकाच हैदराबाद राज्यात होतो. आता मध्ये राज्याची हद्द आली, सोयरिकी मात्र चालूच आहेत. त्या बीदरमधल्या मदरशाविषयी आज बोलतो. महमूद गावानचा मदरसा, साल 1472.

गावान मूळचा इराणातल्या गिलानचा. व्यापाराला आला आणि बहमनी राज्याचा वजीर झाला. आपल्या परांड्याचा किल्लाही त्याचाच, असं सांगतात. दरबारात दोन तट, दख्खनी आणि आफाकी. आफाकी म्हणजे बाहेरून आलेले. गावान त्यांतला, म्हणून दख्खनी सरदारांच्या डोळ्यांत सलायचा.

जुन्या तवारिखांत पुढची हकीकत आहे. विरोधकांनी गावानचा शिक्का सांभाळणाऱ्याला गाठलं, दारू पाजली आणि कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला. कोऱ्या कागदावर, बरं का! मागाहून मजकूर भरला. ओरिसाच्या राजाला निरोप : तुम्ही चालून या, मी आतून मदत करतो. कागद गेला सुलतान तिसऱ्या मुहम्मदशहाकडे. तोही नशेत. गावानला बोलावून विचारलं, "चाकरानं धन्याशी दगा केला तर शिक्षा काय?" गावान म्हणाला, "मृत्यू." सुलतानानं कागद पुढं टाकला. गावान म्हणाला, "शिक्का माझा, मजकूर माझा नाही." ऐकतो कोण? एप्रिल 1481, तिथंच मान उडवली. म्हातारा सत्तरीपुढचा.

आमच्याकडं अजून कर्जासाठी कोऱ्या कागदावर अंगठा उठवणारे आहेत, आणि तो खुशाल ठेवून घेणारेही. त्यांना कुणी विचारत नाही. असो.

गावानच्या घराची झडती घेतली तर रोकड थोडीच निघाली. माणूस चटईवर झोपायचा, मातीच्या भांड्यात जेवायचा. वर्षभरात सुलतानही गेला.

वेळ सरत आलाय, इमारत पटकन सांगतो. तीन मजले, मधोमध चौक, चारी बाजूंनी वर्ग आणि विद्यार्थ्यांच्या खोल्या, शिवाय मशीद आणि ग्रंथालय. घडण सगळी समरकंद-खुरासानच्या मदरशांची. दर्शनी बाजूला दोन मिनार होते. एकच उरला, 131 फुटांचा. औरंगजेबाच्या काळात आत दारूगोळा साठवला होता. 1696 साली स्फोट झाला. दुसरा मिनार आणि दर्शनी भिंतीचा मोठा भाग गेला. उरलेल्या मिनारावर निळ्या-हिरव्या फरशांचे नागमोडी पट्टे अजून दिसतात. तोंड पूर्वेला आहे, तेव्हा जायचं तर सकाळी जा. फरशांवर ऊन तेव्हाच येतं.