वानगी

(दृश्य: लातूरची आडत. सकाळ. सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी.)

पोत्यात लोखंडी नळी शिरते, तेव्हा असा खर्रकन आवाज येतो. खरेदीदार नळी बाहेर ओढतो, दाणे तळहातावर घेतो, फुंकर मारतो, एखादा दाणा दाताखाली धरून बघतो. माती किती, डागी किती, ओल किती. ओल १२ टक्क्यांच्या वर गेली की भाव उतरलाच म्हणून समजा. तळहातावर आलेल्या या मालाला वानगी म्हणतात.

आमचा एक दोस्त इथं मुनीम आहे. दिवसभर तो दुसऱ्यांना वानगीवरून पोत्याचा अंदाज बांधताना बघतो आणि रात्री स्वतः तेच करतो, मोबाइलवर. ट्रेलर बघायचा आणि सांगायचं, ऑस्करच्या अभिनयाच्या नामांकनात कुणाचं नाव लागणार. अमेरिकेतले वर्षअखेरचे सिनेमे आणि त्यांचे ट्रेलर यायला लागतात, तेव्हा इकडं नवं सोयाबीन आडतीवर उतरत असतं. हंगाम एकच.

(दृश्य: लाल कापडी बांधणीची वही. पानं उलटणारे हात.)

ही त्याची वही. आडतीचीच. पहिल्या पानावर २०१५ साल. डावीकडे सिनेमा, उजवीकडे नट. ज्याचा अंदाज चुकेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा, एवढाच सट्टा.

पहिल्याच पानावर जॉनी डेपचं नाव दोनदा अधोरेखित केलंय. 'ब्लॅक मास'चा ट्रेलर म्हणजे जवळपास एकच प्रसंग. जेवणाचं टेबल, घरगुती मसाल्याची गुप्त कृती, ती सांगून बसलेला एक माणूस, आणि समोर हसता हसता थंड पडत गेलेला डेप. "ह्यो यादीत आला नाही तर वही जाळतो बघ," असं मुनीम म्हणाला होता. डेप आला नाही. वहीही जळली नाही.

त्याच वर्षी 'द रेव्हेनंट'चा टीझर आम्ही पाहिला होता. त्यात बोलणं जवळजवळ नाहीच, धापा टाकण्याचा आवाज तेवढा भरलेला. आम्ही म्हणालो, बर्फ छान दिसतोय. लिओनार्डो डिकॅप्रिओला नामांकन मिळालं आणि पुढं ऑस्करही.

मग नियम सुरू झाले. खऱ्या माणसाची भूमिका असेल तर एक खूण. चेहरा किंवा अंगकाठी ओळखू न येण्याइतकी बदलली असेल तर दुसरी. नावाच्या पाटीवर आधीच 'ऑस्कर विजेता' लिहून आलं असेल तर तिसरी. मुनिमाचा लाडका नियम मात्र वेगळा: आवाज बंद करून ट्रेलर बघायचा आणि एकाच चेहऱ्यावर कॅमेरा तीन आकडे मोजेपर्यंत टिकतो का, ते बघायचं. बहुतेक वेळा दोनवरच दृश्य तुटतं.

तिथंच खरी गोम आहे. अडीच मिनिटांच्या आतबाहेरच्या या तुकड्यात वाक्य एका प्रसंगातलं असतं, तोंड दुसऱ्या प्रसंगातलं आणि डोळ्यांतलं पाणी तिसऱ्याच. मध्ये ढोल वाजतो, पडदा काळा होतो, कुणीतरी दार आपटतं. अनेकदा हे सगळं जोडणारी मंडळी सिनेमाचं संकलन करणारी नसतातच. ट्रेलर कापणं हा तिकडं वेगळा धंदा आहे. म्हणजे आपण ज्याला 'काय काम केलंय!' म्हणतो, ते काम कधी कधी कात्रीचं असतं.

एकदा आम्ही असेच ट्रेलर बघत होतो. मागून एक हमाल मामा डोकावले. दोन बघितले, तिसरा बघितला आणि म्हणाले, "वरची मूठ तर समदेच चांगली ठेवतेत."

आडतीवर नळी घेणाऱ्याच्या हातात असते. ट्रेलरमध्ये ती विकणाऱ्याच्या हातात. हे आम्हाला आधी कळायला हवं होतं, पण कबूल करतो, मामांनी सांगेपर्यंत कळलं नव्हतं.

(दृश्य: वहीतलं २०२० सालचं पान. खाडाखोड.)

हे पान सगळ्यात मळकं. 'हिलबिली एलेजी'च्या ट्रेलरमध्ये एमी अ‍ॅडम्स आणि ग्लेन क्लोज दोघीही तावातावानं भांडताना दिसल्या. आम्ही दोघींची नावं लिहिली. यादीत आल्या त्या एकट्या क्लोजबाई, सहायक अभिनेत्रींमध्ये. मजा म्हणजे याच भूमिकेसाठी वर्षातल्या वाईट अभिनयाच्या रॅझी पुरस्कारातही त्यांचं नामांकन होतं. एकच माल, दोन आडती, दोन भाव.

'जूडस अँड द ब्लॅक मसाया'चं तर विचारूच नका. गोष्ट खबऱ्याची, म्हणून लकीथ स्टॅनफिल्डला आम्ही मुख्य अभिनेत्यात धरलं. नामांकन आलं ते सहायक अभिनेत्यात, आणि डॅनियल कलूयाचंही तिथंच. मग मुख्य कोण? अकादमीत, म्हणजे ऑस्कर देणाऱ्या संस्थेत, अभिनयाची नामांकनं नटांची शाखाच देते, आणि कुठली भूमिका कुठल्या गटात बसवायची हेही मत देणारे नटच ठरवतात. ते आमचा ट्रेलर बघून थोडेच ठरवणार!

आणि भूमिकेच्या लांबीवरही काही नसतं. 'नेटवर्क'मध्ये बिआट्रिस स्ट्रेट पडद्यावर असतात पाच मिनिटांच्या आसपास. ऑस्कर घेऊन गेल्या. असं काम ट्रेलरमध्ये शोधायचं कुठं?

आपल्याकडच्या राष्ट्रीय पुरस्कारात हा खेळ जमत नाही. तिथं नामांकनांची यादीच नसते. परीक्षक मंडळ सिनेमे बघतं आणि थेट निकाल येतो. 'देऊळ'साठी गिरीश कुलकर्णींना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, तो असाच. चहा कुणी पाजायचा यावर भांडण नको, म्हणून मुनीम तिकडं वळत नाही.

(दृश्य: जानेवारी. संध्याकाळ. आडतीवर तुरीची पोती. एका मोबाइलभोवती चार डोकी.)

तिकडं लॉस एंजेलिसला पहाटेचे साडेपाच, इकडं संध्याकाळचे सात. सौदे आटोपलेले, तुरीची धूळ अजून हवेत. नावं भराभर वाचली जातात. मुनीम लाल पेनानं रेघा मारत जातो. बरोबर, चूक, चूक, बरोबर.

एका वर्षी असंच एक नाव आलं, जे चौघांपैकी कुणाच्याच वहीत नव्हतं. ट्रेलर तर आम्ही पाहिला होता, तोही तीन-चारदा. मुनिमानं तो पुन्हा लावला. बाई सापडेनात. पुन्हा मागं घेतला, बोटानं थोडं थोडं सरकवत. एका दारात पाठमोरी उभी होती ती. कुणीतरी दुसराच ओरडत होता आणि ती ऐकत होती. दृश्य दीड सेकंदाचं असेल.

मुनिमानं तिथंच थांबवलं. बराच वेळ बघत बसला.

"दिसली तर होती की रं," म्हणाला, आणि चहा सांगायला उठला.