एका अक्षराचं वजन

[पडद्यावर दोन रांगांत ठिपके, मागे प्रयोगशाळेतला हलका आवाज]

निवेदक:
साल २००७, ब्रिटन. एका बाजूला टाईप-२ मधुमेहाचे १,९२४ रुग्ण, दुसऱ्या बाजूला सर्वसाधारण लोकांतले २,९३८ जण. प्रत्येकाच्या डीएनएमधल्या ४,९०,०३२ जागा तपासल्या गेल्या. प्रत्येक जागी प्रश्न एकच: इथलं माणसागणिक बदलणारं अक्षर, म्हणजे डीएनएच्या साखळीतला एक रासायनिक दुवा, रुग्णांमध्ये जास्त आढळतं का?

प्रश्न सोपा आहे. अडचण आहे ती तो पाच लाख वेळा विचारण्यात. एरवी शंभरात पाच वेळा होणारी चूक संख्याशास्त्र चालवून घेतं. इथं तीच सूट दिली, तर नुसत्या योगायोगाने चोवीस-पंचवीस हजार जागा 'सापडल्या' म्हणून हातात येतील. म्हणून या क्षेत्रात नियम कडक आहे. एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता दोन कोटींत एक, किंवा त्याहूनही कमी असायला हवी. शिवाय तो फरक दुसऱ्या, वेगळ्या रुग्णगटातही दिसायला हवा.

[१६वं गुणसूत्र, एक जागा उजळते]

या चाळणीतून जे वर राहिलं, त्यात १६व्या गुणसूत्रावरचं एफटीओ जनुक होतं. मधुमेहाचं नवं जनुक मिळालं म्हणायचं?

संशोधकांनी समीकरणात बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) घातला, म्हणजे सारख्याच बांध्याच्या माणसांची आपसात तुलना केली. संबंध जवळपास पुसला गेला. म्हणजे ते अक्षर आधी वजन वाढवत होतं, आणि मधुमेह वजनाच्या मागून येत होता. गंमत म्हणजे त्याच वर्षी फ्रान्समधल्या गटाने रुग्ण निवडतानाच लठ्ठ माणसं वगळली होती. त्यांच्या यादीत एफटीओ आलंच नाही! माणसं कोणती निवडली, यावरच उत्तर ठरलं.

मग ३८,७५९ जणांची वजनं पाहिली गेली. जोखमीचं अक्षर आई आणि वडील दोघांकडून मिळालेले प्रौढ साधारण शंभरात सोळा होते. ज्यांच्याकडे ते अक्षर अजिबात नव्हतं, त्यांच्यापेक्षा यांचं वजन सरासरी तीन किलो जास्त भरलं. पण माणसामाणसांतल्या बीएमआयच्या एकूण फरकापैकी एफटीओमुळे उलगडतो तो जेमतेम एक टक्का. 'तुमच्या जनुकांनुसार डाएट' अशी जाहिरात दिसली की हा एक टक्का आठवावा.

[उंदीर, पेशींची सूक्ष्मदर्शक दृश्यं]

आणखी एक पेच होता. हा बदल जनुकाच्या अशा भागात आहे, ज्यापासून प्रथिन बनतच नाही. अशा अभ्यासातून पिनकोड मिळतो, घर नंबर मिळत नाही. २०१४ साली दिसलं, की हा तुकडा सुमारे पाच लाख अक्षरं पलीकडच्या आयआरएक्स-३ या जनुकाची कळ दाबतो. ते जनुक काढून टाकलेले उंदीर २५ ते ३० टक्क्यांनी हलके निघाले. २०१५ साली माणसाच्या चरबीच्या पेशींत नेमकं एक अक्षर दुरुस्त केलं गेलं, आणि चरबी साठवण्याकडे झुकलेल्या त्या पेशी पुन्हा ती जाळून उष्णता करू लागल्या. नाव एफटीओचं झालं, काम मात्र शेजारचा करत होता.

[पुणे, केईएम रुग्णालयाचा परिसर]

आता पुणे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतले डॉ. गिरिराज चांडक यांच्या गटाने हेच अक्षर इथल्या लोकांत तपासलं. २००९ साली निष्कर्ष छापून आले: पुण्याचे १,४५३ मधुमेही, आणि मधुमेह नसलेले १,३६१. वजनाशी नातं इथंही दिसलं, पण युरोपपेक्षा काहीसं फिकं. मधुमेहाशी नातं मात्र पक्कं. बीएमआय हिशेबात धरून पाहिला, तरी ते टिकलं. कमरेचा घेर धरला, तरीही. पुढे २०१२ साली आशियातल्या ९६,५५१ जणांची आकडेवारी एकत्र केल्यावर हाच कल दिसला, फक्त प्रभाव छोटा होता.

असं का, यावर माझं लक्ष समीकरणापेक्षा मोजपट्टीकडे जातं. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एक फोटो छापला होता, लंडनचे जॉन युडकिन आणि आपले याज्ञिक. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. 'सारख्या बांध्याची माणसं' म्हणून संख्याशास्त्र या दोघांना शेजारी बसवणार. मग पुण्याच्या आकड्यांतून बीएमआय वजा केला, तेव्हा चरबी खरंच पूर्ण वजा झाली का? की त्या अक्षराची मधुमेहाकडे जाणारी दुसरीही एखादी वाट आहे? हे ठरवायला वजनकाटा आणि टेप पुरणार नाहीत. हजारो भारतीयांची चरबी शरीरात किती आणि कुठे साठते, ते स्कॅनवर मोजावं लागेल.