तिजोरीला घाई चालत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

दुकानाला किंवा कारखान्याला आग लागली की फायर ब्रिगेड येते, पाणी मारते आणि जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक समोर उभा, पण त्याला काही सुचत नाही. त्या सकाळबद्दल आज बोलू. विम्याचा सर्वेअर, म्हणजे नुकसान पाहून मोजणारा माणूस, म्हणून अशा पुष्कळ सकाळी मी पाहिल्या आहेत.

आपलं इंदूर स्वच्छतेत सलग कित्येक वर्षं देशात पहिलं आलं, याचा मलाही अभिमान आहे. पण आगीनंतर हीच सवय अंगाशी येते. दारात गाणं वाजवत कचरागाडी उभी, आणि मालक अर्धवट जळालेला माल भराभर तिच्यात टाकतोय! अहो, तो कचरा नाही, पुरावा आहे. आधी विमा कंपनीला कळवा, फोटो काढा, पंचनामा करून घ्या, फायर ब्रिगेडचा दाखला मागा. सर्वेअर येईपर्यंत काही फेकायचं नाही. चांगला राहिलेला माल बाजूला काढून झाकून ठेवा, तो भिजू देऊ नका. पुन्हा सांगतो, बाजूला काढायचं, फेकायचं नाही. आणि वायरमननं पाहिल्याशिवाय मेन स्विचला हात लावायचा नाही.

काजळी ओल्या फडक्यानं पुसू नका. वायरींचं प्लॅस्टिक जळतं तेव्हा धुरात आम्ल उतरतं, आणि ओल मिळाली की ते मशीनचं लोखंड खायला लागतं. आधी कोरडी काजळी व्हॅक्यूमनं ओढून घ्या, मग मिस्त्रीला बोलवा.

आता तिजोरीची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

राजवाड्यामागच्या एका गल्लीत दोघा भावांचा लग्नपत्रिकांचा छापखाना होता. राजवाड्याचा मोठा भाग १९८४ साली जळाला, तरी आसपासच्या गल्ल्यांत तारांचे झुबके तसेच लोंबताहेत. यावर मी कितीदा बोललो असेन, ऐकतो कोण? असो. रात्री आग लागली, पहाटे विझली. मी पोचलो तेव्हा थोरल्या भावाला एकच ध्यास, विम्याची पॉलिसी कुठाय? ती लोखंडी कपाटात होती. कपाट बाहेरून काळं पडलेलं, पण उभं होतं. त्यानं पहार घालून दार उचकटलं. आतले कागद जागच्या जागी, नुसते तपकिरी झालेले. तो "वाचलं!" म्हणाला, आणि आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत अख्खा खण भप्पकन पेटला.

आतले कागद तापून तयार होते, फक्त हवा मिळत नव्हती. ती आपण दिली.

मग थोरला वळला तिजोरीकडे. शनिवार होता, कामगारांचा पगार आत अडकलेला. तेवढ्यात म्हातारा मशीनमन आडवा आला. त्यानं ओंजळभर पाणी तिजोरीवर मारलं. चर्रर्र! म्हणाला, "भिया, अब्बी मत खोलो. इसके पेट में आग हे."

थोरला चिडला, ओरडला. धाकट्यानं मात्र ऐकलं. मेव्हण्याकडून उसने आणून त्यानं संध्याकाळी पगार वाटले. रविवारी दोघे भाऊ समोरच्या ओट्यावर पोहे खात तिजोरीवर नजर ठेवून बसले. म्हातारा सकाळ-संध्याकाळ येऊन उलटा हात तिजोरीला लावायचा आणि मान हलवून जायचा. मंगळवारी म्हणाला, "चलो." लाल कापडी पुठ्ठ्यांच्या वह्या कडेनं करपल्या होत्या, पण एकूण एक आकडा वाचता येत होता.

१९०६ साली सॅन फ्रान्सिस्को शहर जळालं, तेव्हा बँकवाल्यांनीही तिजोऱ्या गार होईपर्यंत कळ काढली होती. ज्यांनी घाई केली, त्यांच्या नोटा पेटल्या. आमच्या म्हाताऱ्यानं सॅन फ्रान्सिस्कोचं नावही ऐकलं नसेल.

आणि गंमत बघा, ज्या पॉलिसीसाठी कपाट फोडलं तिची नक्कल कंपनीकडे असतेच! खरी गरज लागते मालाच्या हिशेबाची. वह्या जळाल्या तर बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट, जीएसटीचे रिटर्न, व्यापाऱ्यांकडच्या बिलांच्या नकला, सीएकडचा ताळेबंद यांतून तो पुन्हा उभा करता येतो. पण विमाच कमी रकमेचा असेल तर मी काय करणार? माल २० लाखांचा, विमा १० लाखांचा आणि नुकसान ४ लाखांचं, तर साधारणपणे हातात येतात २ लाख, कारण विमा निम्म्या मालाचाच, म्हणून भरपाईही निम्मी. पुन्हा सांगतो, ४ नाही, २. हे ऐकून लोक सर्वेअरवर चिडतात. हप्ता वाचवताना कोणी मला विचारलेलं नसतं.

वेळ होत आली, तेव्हा नोटांचं सांगून थांबतो. तिजोरीतल्या वरच्या गड्ड्या पापडासारख्या झाल्या होत्या. इतक्या करपलेल्या नोटा बँकेची शाखा बदलून देत नाही. त्या रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसात न्याव्या लागतात, आणि किती भाग शाबूत आहे ते पाहून पैसे मिळतात. म्हणून गड्डी सुटी करू नका, मोजत बसू नका. आहे तशी कापूस घातलेल्या डब्यात ठेवा आणि डबा मांडीवर घेऊन जा. डिकीत टाकू नका.

नमस्कार.