जेन ऑस्टिन आणि पैशाचा हिशोब

नमस्कार मंडळी. जुन्या काळची इंग्लिश कादंबरीकार जेन ऑस्टिन म्हटलं की लोकांना लांब गाऊन, बॉलडान्स आणि शेवटी लग्न एवढंच आठवतं, म्हणून आज मी मुद्दाम तिच्या पैशांबद्दल बोलणार आहे, कारण मला मनापासून वाटतं की तिचं लिखाण तिथूनच नीट उलगडतं.

जन्म १७७५ चा, इंग्लंडमधल्या हॅम्पशर परगण्यातल्या स्टीव्हन्टनचा. वडील पाद्री, आठ भावंडं, घरात पुस्तकं भरपूर पण पैसा बेताचाच. १८०३ साली तिची 'सुसान' ही कादंबरी क्रॉस्बी नावाच्या पब्लिशरने १० पाउंडांना घेतली, जाहिरातही केली, आणि छापलीच नाही! सहा वर्षांनी तिने टोपणनावाने त्याला खरमरीत पत्र टाकलं, तर उत्तर काय, १० पाउंड द्या आणि हस्तलिखित घेऊन जा, दुसरीकडे छापलंत तर कारवाई करू. तिने तेव्हा ते घेतलं नाही. वडील १८०५ मध्येच गेलेले, आई, जेन आणि तिची बहीण भावांच्या मदतीवर जगतायत, अशा घरात १० पाउंड म्हणजे काय हे तुम्हीच बघा.

आता 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'चं दुसरं प्रकरण काढा. मला विचाराल तर अख्ख्या इंग्रजी साहित्यात पैशावर इतकं नेमकं फार कमी लिहिलं गेलंय. मरताना बापाने मुलाकडून वचन घेतलंय की सावत्र आई आणि बहिणींकडे बघ. तो ठरवतो, तिघींना मिळून ३००० पाउंड देऊ. बायको म्हणते, आपल्या पोराचं काय? मग होतात प्रत्येकी ५००. मग तेही नको, आईला वर्षाला १०० देऊ. त्यावर ती म्हणते, अहो, दरवर्षीचे पैसे लावून दिले की माणसं मरतच नाहीत! मग कधीतरी ५० पाउंड, आणि शेवटी काय उरतं तर सामान हलवायला मदत आणि सीझनमध्ये थोडे मासे. कुणी आवाजसुद्धा चढवत नाही आणि चार बायकांच्या हातावर त्याच्याकडून काहीच पडत नाही. हे ऐकीव नाहीये हो, बाप गेल्यावर बायकांचं काय होतं ते तिने स्वतः भोगलेलं होतं.

ही कादंबरी १८११ मध्ये आली, नाव न घालता, 'एका स्त्रीने लिहिलेली' म्हणून, आणि छपाईची रिस्क तिची स्वतःची, तोटा झाला असता तर तिलाच भरावा लागला असता. पहिली आवृत्ती संपली, १४० पाउंड सुटले. पण 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे हक्क तिने सरळ ११० ला विकून टाकले, हवे होते १५०. पुस्तक १८१३ मध्ये आलं, धडाक्यात चाललं, त्याच वर्षी दुसरी आवृत्ती निघाली आणि तिला त्यातला एक पेनीसुद्धा मिळाला नाही. त्यानंतर मात्र तिने कॉपीराइट विकला नाही. 'एमा' या कादंबरीच्या वेळी जॉन मरे या पब्लिशरने तीन पुस्तकांच्या हक्कांचे मिळून ४५० देऊ केले, तेही तिने नाकारले. भाचीला एका पत्रात ती स्पष्ट लिहिते की स्तुती मला आवडतेच, पण पैसाही आवडतो.

१८१६ मध्ये भाऊ हेन्रीने ते 'सुसान'चं हस्तलिखित १० पाउंडांनाच परत आणलं. पुढच्या जुलैत, ४१ व्या वर्षी, जेन गेली, आणि डिसेंबरमध्ये ती कादंबरी 'नॉर्थँगर ॲबी' नावाने निघाली, सोबत हेन्रीची छोटीशी टिपण, ज्यात तिचं नाव वाचकांना पहिल्यांदा छापील कळलं.