विल्यम हॉलचं पदक

श्रोतेहो, नमस्कार.

एका रुपेरी पदकाविषयी आज बोलायचं आहे. एका बाजूला व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला सिंहापुढे उभी ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं स्त्रीरूप, वर 'इंडिया' आणि खाली १८५७-१८५८. फीत पांढरी, तिच्यावर दोन तांबडे पट्टे. आपल्याकडचा उठाव मोडून काढणाऱ्यांना इंग्रजांनी हे पदक वाटलं. झाशी घेणाऱ्या ह्यू रोजच्या फौजेला याच पदकावर 'सेंट्रल इंडिया'ची पट्टी मिळाली. तेव्हा याचं कौतुक आपल्या तोंडून निघणं अवघडच.

तरी ते मिळवणाऱ्या एका खलाशाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. विल्यम हॉल हा कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाचा, गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय घरातला. क्रिमियाच्या युद्धात तो तोफेवर होता. १८५७ मध्ये 'शॅनन' हे त्याचं जहाज चीनच्या मोहिमेवरून कलकत्त्याला वळवलं गेलं. कप्तान पील यांनी जहाजावरच्या तोफा उतरवल्या आणि खलाशांना घेऊन गंगेतून अलाहाबाद गाठलं. तिथून पुढे लखनौ.

१६ नोव्हेंबर १८५७. आपल्या शिपायांनी धरलेल्या शाहनजफ इमामबाड्याची जाड भिंत काही केल्या फुटेना. एका तोफेवर माणूस कमी पडला, तेव्हा हॉल आपणहून पुढे झाला. गोळा सुटला की तोफ मागे यायची आणि खलाशी ती पुन्हा पुढे, भिंतीच्या आणखी जवळ ढकलायचे. शेवटी शेवटी तर आपल्याच गोळ्यांनी उडालेले विटांचे तुकडे त्यांच्या अंगावर येऊ लागले. वरून बंदुकांचा मारा सुरूच होता. एकेक जण पडत गेला. उरले दोघे, हॉल आणि जखमी लेफ्टनंट यंग. हॉल ठासत राहिला, डागत राहिला.

या कामगिरीबद्दल त्याला १८५९ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळाला. तो मिळवणारा हा पहिला कृष्णवर्णीय. १८७६ ला निवृत्त होऊन तो गावी परतला आणि शेती करू लागला. १९०४ मध्ये वारला, तेव्हा थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. नोव्हा स्कॉशियातल्याच हॅन्ट्सपोर्टला त्याचं स्मारक झालं ते थेट १९४७ मध्ये. याची मला मनापासून चीड येते.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या रुपेरी पदकाच्या कडेवर ज्याचं त्याचं नाव कोरलेलं असे. भिंतीआडून लढलेल्या आपल्या शिपायांची नावं मात्र कुठेच कोरली गेली नाहीत, आणि जिवावर उदार तर तेही झाले होते. लखनौला गेलात तर सिकंदरबागेजवळचा शाहनजफ इमामबाडा आवर्जून पाहा.